जळजळीचा तुलनात्मक तक्ता

अहमदपूरच्या एका सरकारी कार्यालयातले वरिष्ठ लिपिक वैजनाथराव यांच्या छातीत दुपारच्या जेवणानंतर जळजळ होते, ही बाब सर्वप्रथम त्यांच्या स्वतःच्याच निदर्शनास आली. ही जळजळ बेंबीच्या वरून निघून छातीच्या मधल्या रस्त्याने घशापर्यंत येई, तिथे आंबट पाण्याच्या स्वरूपात हजेरी लावी आणि परत जाई. येण्याजाण्याच्या वेळा तिने कधी चुकवल्या नाहीत. त्या कार्यालयात इतकी वक्तशीर दुसरी कोणतीही गोष्ट नव्हती.

जळजळ होण्यासारखं आपण काही करतो, असं वैजनाथरावांना कधी वाटलं नाही. सकाळी उपाशीपोटी एक चहा, कार्यालयात पोचल्यावर एक, साहेब आले म्हणून एक आणि साहेब गेले या आनंदात एक. संध्याकाळी एसटी स्टँडसमोरच्या गाड्यावरची मिरची भजी. रात्री उशिरा ठेचा-भाकरी, वर वाटीभर आमटी, आणि ताटावरून उठून थेट अंथरुणावर. हे सगळं त्यांचे वडीलही करत. फरक एवढाच की वडील दिवसभर औताच्या मागे चालत आणि वैजनाथराव दिवसभर फायलीच्या मागे बसत.

हे असंच चालू राहिलं असतं. पण राजकन्येची सोयरीक आली.

राजकन्या ही त्यांची एकुलती लेक. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायची. नांदेडच्या पिराजीरावांचा मुलगा शिवम तिला आवडला होता, आणि हे तिने आईला तोंडाने सांगितलं होतं. आधीच्या स्थळांच्या वेळी ती नुसती "बघा तुमचं" म्हणायची. त्यामुळे घरात सगळ्यांनाच कळलं की या वेळी गोष्ट वेगळी आहे. पिराजीरावांचा निरोप आला होता : महिन्याच्या शेवटच्या रविवारी जेवायलाच या, जेवता जेवता तारीख धरू.

वैजनाथरावांना घाम फुटला तो या जेवणामुळे. गेल्या साली उदगीरकडच्या पाहुण्यांनी असंच जेवायला बोलावलं होतं. तिथे चौथ्या पोळीला वैजनाथरावांनी ताटावर आडवा हात धरला, कारण तिसरी पोळी अजून घशात उभी होती. आठवड्याने निरोप आला : "ज्याला आमचं अन्न गोड लागत न्हाई, त्याची पोरगी आमच्या घरात काय रमंल?" सोयरीक मोडली. आपल्याकडे पाहुण्याला पोटभर वाढत नाहीत, पोट भरल्यावर वाढतात. आणि त्याला नाही म्हणणं म्हणजे नात्यालाच नाही म्हणणं.

"अहो, सरळ सांगून टाका की, पोटाचा त्रास हाय म्हणून," त्यांच्या पत्नी सिंधूबाई म्हणाल्या. "माणसंच हायत ती."

"सांगू? तारीख धरायच्या आधी? उद्या म्हणतील, पोरीच्या रक्तातच ॲसिडिटी हाय."

"पप्पा, असं कोणी म्हणतंय का?" राजकन्या हसली.

"म्हणत न्हाईत गं, मोडतेत डायरेक्ट."

पोरगी हसली खरी, पण नंतर स्वयंपाकघरात आईला हळूच विचारत होती, "खरंच मोडतील का गं?", आणि ते वैजनाथरावांनी ऐकलं. लेकीच्या सुखाच्या आड आपलं पोट येतंय, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी त्याच शनिवारी लातूर गाठलं.

लातूरच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. वजन उतरलंय का, घास अडकतो का, शौचाला काळं होतं का, असं सगळं विचारलं. सगळ्याला नाही म्हटल्यावर त्यांनी एक बारकी पांढरी गोळी लिहून दिली.

"सकाळी उपाशीपोटी घ्यायची. काही खायच्या अर्धा तास आधी. आणि चहा कमी करा, तळलेलं-तिखट कमी करा, रात्री लवकर जेवा, जेवल्या जेवल्या आडवे होऊ नका. निम्मं काम त्यानंच होतंय."

वैजनाथरावांनी चिठ्ठी वाचली. उलटून पाहिली. मागे काही नव्हतं.

"डॉक्टरसाहेब, ही एकच?"

"मग किती पाहिजेत?"

"न्हाई, म्हणजे तुलना केली असंल ना तुम्ही? किमान तीन लागतेत."

"तुलना झालेली हाय हो मोठमोठ्या दवाखान्यांत. योग्य डोस योग्य वेळेला घेतला तर ह्या गोळ्या सगळ्या उन्नीस-बीस. कोणतीही एक घ्या, पण वेळेवर घ्या. आणि जेवणाचं तेवढं बघा."

उन्नीस-बीस हा शब्द ऐकून वैजनाथरावांचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला. सबंध नोकरीत त्यांनी तीन दरपत्रकं आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता याशिवाय कार्यालयात साधा झाडू येऊ दिला नव्हता. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक पडल्याशिवाय जगात काही घेता येतं, हेच त्यांना मान्य नव्हतं. लग्नाच्या वेळीही त्यांनी तीन स्थळं पाहून तक्ता मांडला होता, आणि ती गोष्ट सिंधूबाईंना अजून पचलेली नव्हती. उन्नीस आणि बीस वेगळे आहेत ना? मग बीस कोण, हे सांगायला या डॉक्टरचं काय जात होतं? आणि जेवणाचं म्हणाल, तर तो अभिप्राय विषयाला सोडून होता.

सोमवारी त्यांनी कार्यालयात चौकशी सुरू केली. तेव्हा असं उघड झालं की अर्धं कार्यालय गोळ्यांवर चाललेलं आहे. आनंदराज साहेब पिवळी गोळी घेत. ती चाळीस मिलिग्रॅमची, शिवाय डी-वाली, म्हणजे नावापुढे डी छापलेली. साहेबांच्या मते डी नसलेली गोळी ही खालच्या कर्मचाऱ्यांसाठी असते. शेजारच्या टेबलावरचा संगप्पा लाल कॅप्सूल घेई.

"तुला कोणी दिली?" वैजनाथरावांनी विचारलं.

"मागं एकदा पाय मोडला होता, अण्णा. तवा दुखण्याच्या गोळ्यांसंगं दिली होती."

"पाय बरा झाला की!"

"हाव, झाला. पर ही बंद कर म्हणून कोणी सांगितलं न्हाई ना. घेऊन राहिलो."

या उत्तरात वैजनाथरावांना काहीच वावगं वाटलं नाही. कार्यालयातल्या निम्म्या योजना याच कारणासाठी चालू होत्या.

साहेबांची पिवळी, संगप्पाची लाल आणि डॉक्टरांची पांढरी. तीन झाल्या. तुलनात्मक तक्त्याचा प्रस्ताव साहेबांपुढे गेला. साहेबांना तो लोकोपयोगी वाटला. त्यांनी तीन सदस्यांची समिती नेमली, तीत स्वतःला अध्यक्ष केलं, आणि सत्यशीलाबाई या टंकलेखिकेला निरीक्षक नेमलं. त्यांना जळजळ नव्हती आणि त्या कोणतीच गोळी घेत नव्हत्या, त्यामुळे त्यांचा यात काही हितसंबंध नव्हता.

पहिली अडचण पहिल्याच दिवशी आली. संगप्पाला जळजळ होईना.

"तुझ्या गोळीनं थांबली म्हणायची का?" साहेब खूश न होता म्हणाले.

"तसं न्हाई, साहेब. माझी बायको नीलम्मा डब्यात दहीभात देती. त्यानं होतच न्हाई मला."

"मग तुझा निकाल धरायचा कसा?" वैजनाथराव कळवळून म्हणाले. "गोळीनं केलं का दहीभातानं केलं? संगप्पा, ही बाहेरची मदत झाली. साहेब भजी खाऊन मैदानात, मी भजी खाऊन मैदानात, आणि तू दहीभात खाऊन? अटी-शर्ती समान पाहिजेत."

त्याप्रमाणे समान अटी-शर्ती ठरल्या. सदस्यांनी रोज दुपारी ठेचा-भाकरी, त्यावर प्लेटभर मिरची भजी आणि त्यावर कडक चहा घ्यायचा. दहीभात, ताक, केळी आणि जेवणानंतर चालणं या गोष्टी निकालावर प्रभाव टाकतात असं दिसून आल्याने त्यांना मनाई करण्यात आली. दोनच दिवसांत संगप्पाला जळजळ सुरू झाली, आणि समितीने त्याचं अभिनंदन केलं.

दुसरी अडचण वेळेची होती. गोळी खाण्याआधी अर्धा तास घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते, हे वैजनाथरावांनी प्रामाणिकपणे समितीपुढे मांडलं आणि मांडून स्वतःच फेटाळलं. अजून जेवण झालं नाही, जळजळ झाली नाही, आणि गोळी आधीच देऊन टाकायची? काम होण्याआधी देयक काढण्यासारखंच हे. त्यांच्या सहीने असं एकही देयक आजवर निघालेलं नव्हतं. आधी खायचं, मग जळजळ प्रत्यक्ष झाल्याची निरीक्षकांनी खात्री करायची, आणि त्यानंतरच गोळी अदा करायची, असं सर्वानुमते ठरलं.

तिसरी अडचण सत्यशीलाबाईंची. जळजळ झालेल्या सदस्यांना जेवणानंतर टेबलावर डोकं टेकून पडायची मुभा होती, कारण त्रासात काम करणं अमानुष ठरलं असतं. बाई मात्र तेव्हा खात्री करत फिरत. आठवड्याने त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, मला बी होऊन राहिलंय."

"कधीपासून?"

"भजी बघून बघून मी बी खाऊ लागले. एवढा लई वास येतो. आता मला कोणती गोळी?"

त्यांचं बघून आवक-जावक विभागाला झालं. मग शिपायांना झालं. कार्यालयात कामासाठी येणाऱ्या लोकांना दारातच सांगण्यात येऊ लागलं की साहेबांची जळजळ चालू आहे, बसा. बसून बसून लोक समोरच्या गाड्यावर चहा-भजी खात, आणि परत येईपर्यंत तेही पात्र झालेले असत. भज्याच्या गाड्याशेजारी औषधाचं नवं दुकान उघडलं. दोघे मालक सख्खे भाऊ होते, आणि त्यांच्यात पूर्वी जो अबोला होता तो मिटला.

शेवटचा आठवडा आला तेव्हा निकालाची वेळ झाली, आणि घोटाळा झाला. संगप्पाची लाल कॅप्सूल सगळ्यांत पुढे निघाली. त्याला सर्वांत कमी ढेकर येत होते.

"हे बरोबर वाटत नाही," आनंदराज साहेब छाती चोळत म्हणाले.

वैजनाथरावांनाही ते बरोबर वाटलं नाही. साहेबांच्या डी-वाल्या गोळीच्या वर शेजारच्या टेबलावरची साधी कॅप्सूल कशी जाईल? त्यांनी फेरमोजणी घेतली. संगप्पाचं पोट मुळात निरोगी असल्याने त्याला अन्यायकारक फायदा मिळतोय, असा शोध लागला. तो दूर करण्यासाठी त्याला रोज एक प्लेट जादा भजी देण्यात आली. तरी तो पुढेच राहिला, तेव्हा रात्रीच्या जेवणातही सुधारणा करण्यात आली. शुक्रवारी संगप्पा उभा राहून, पोट धरून म्हणाला, "अण्णा, मला तिसरा नंबर द्या. आत्ता द्या. हात जोडतो."

त्याला तो देण्यात आला. पिवळी पहिली, पांढरी दुसरी, लाल तिसरी. तक्त्यात साहेबांची जळजळ पूर्ण थांबली. छातीत ती चालू होती, पण तिथे पाहायला कोणी जाणार नव्हतं.

रविवारी सकाळी वैजनाथराव, सिंधूबाई आणि राजकन्या नांदेडच्या एसटीत बसले. वैजनाथरावांच्या खिशात पहिल्या क्रमांकाची गोळी होती. दुसरी आणि तिसरीही होती. तक्त्यावर विश्वास होता, पण लेकीचा प्रश्न होता. वाटेत लोह्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खाली उतरून धीर यावा म्हणून एक चहा घेतला. राजकन्या खिडकीतून बघत होती.

"पप्पा, अजून सांगता येईल की त्यांना."

"तू नको काळजी करू. सगळं तुलना करून आणलंय."

"काही झालं ना, तर तुमचा दोष न्हाई. मी तसं समजणार न्हाई," ती म्हणाली. वैजनाथरावांचे डोळे भरून आले, आणि पाठोपाठ घसाही आंबट झाला.

पिराजीराव रेल्वेतून निवृत्त झालेले. नांदेडात स्वतःचं घर, गावाकडे शेत. माणूस धिप्पाड, मिशा भरघोस, आवाज फलाटावर ऐकू जाईल असा. असा माणूस दगड खाऊन पचवत असेल, हे वैजनाथरावांना दारातच पटलं. ताटं मांडली गेली. पुरणपोळी, वर तुपाची धार, झणझणीत येसर आमटी, कुरडया, भजी, शेंगदाण्याची चटणी आणि तळलेल्या मिरच्या.

"घ्या, इवाई, लाजू नका!" पिराजीराव होणाऱ्या व्याह्यांवर गरजले.

"तुम्ही बी घ्या, इवाई! मी काय एकटाच खाऊ का?" वैजनाथरावांनी गरजून उत्तर दिलं. समोरच्याला खाऊ घातलं की आपल्याला जरा उसंत मिळते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

बहुधा पिराजीरावांनाही ते माहीत असावं. कारण त्यांनी स्वतःच्या ताटातली पोळी उचलून वैजनाथरावांच्या ताटात ठेवली. वैजनाथरावांनी आपली आमटीची वाटी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी भजी दिली, यांनी मिरची दिली. दोघे एकमेकांना घास भरवू लागले. बायकांना हे प्रेम बघून भरून आलं. पिराजीरावांच्या पत्नी कावेरीबाई तुपाचं भांडं घेऊन मागे उभ्याच होत्या. चौथी पोळी आली. उदगीरची चौथी पोळी वैजनाथरावांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. हात आपोआप ताटावर आडवा जायला निघाला. त्यांनी राजकन्येकडे पाहिलं, तो हात मागे घेतला, आणि पोळी खाल्ली.

"पाव्हणं, आन्खी एक. लेकीच्या घरचं हाय," कावेरीबाई म्हणाल्या.

पाचवी अर्धी झाली तेव्हा छातीत असा जाळ उठला की वैजनाथरावांना समोरचे पिराजीराव दोन दिसू लागले. मग एकही दिसेना, कारण पिराजीराव "पाणी बघून येतो" म्हणून उठून गेले होते. "हात धुऊन येतो," म्हणत वैजनाथरावही परसदारी धावले. हौदाच्या आडोशाला उभं राहून त्यांनी खिशातून पिवळी काढली, तोंडात टाकली. लगेच पांढरीही टाकली. लाल कॅप्सूल फोडत असताना त्यांना हौदाच्या पलीकडे कोणीतरी असल्याचा भास झाला.

पलीकडे पिराजीराव उभे होते. त्यांच्या हातात गुलाबी पातळ औषधाची बाटली होती, ती त्यांनी थेट तोंडाला लावली होती, आणि भरघोस मिशांचा अर्धा भाग गुलाबी झाला होता.

वैजनाथरावांना वाटलं, संपलं. आता हा माणूस आत जाऊन सांगणार, आणि पोरगी पुन्हा "बघा तुमचं" म्हणू लागणार.

"इवाई," पिराजीराव हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांना हळू आवाज होता हे त्या दिवशी प्रथमच कळलं, "आत सांगू नका. लई वर्सांपासून हाय मला. आमच्या वडिलांना बी होतं. म्हणलं, तुम्हाला कळलं तर म्हणताल, पोराच्या रक्तातच हाय."

वैजनाथराव हौदाच्या कठड्यावर बसले. त्यांना रडू आलं, हसू आलं आणि ढेकर आला.

"मग एवढा आग्रह कामून केला, इवाई?"

"तुम्ही दणकून खात होता! म्हणलं, ह्याला कमी पडलं तर पोरगी देयचा न्हाई. तुम्ही कामून केला?"

"म्हणलं, तुम्ही खात बसलात की मला जरा उसंत मिळंल."

दोघे खूप वेळ हसले. आयुष्यात इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आता आत जाऊन दोघांनी मिळून "बास, दोघांनाही झेपत नाही, ताक आणा" म्हणायचं, एवढंच उरलं होतं. ताक आतल्या माठात तयारच होतं. वैजनाथरावांनी तोंड उघडलं.

"पर इवाई, तुमची ही गुलाबी म्हणजे कोणती?"

"गोळ्यांचा बाप हाय हे! तुम्ही काय काय घेतलं आत्ता?"

"पिवळी पहिली, पांढरी दुसरी, लाल तिसरी. सगळा तक्ता हाय माझ्याकडं."

"पिवळी? डी-वाली का? मी घेतली की ती. अर्ध्या तासात उतरती. ही लगेच थंडगार करती. थोडी घेऊन बघा."

वैजनाथरावांनी घेऊन पाहिली. पिराजीरावांनी लाल घेऊन पाहिली. मग गुलाबीचा क्रमांक नक्की कितवा, हा प्रश्न निर्माण झाला, आणि तो रिकाम्या पोटी सुटणं शक्य नव्हतं. अटी-शर्ती समान हव्यात, हे वैजनाथरावांनी समजावून सांगितलं. आतून कावेरीबाईंची हाक आली की पोळ्या गार होऊन राहिल्यात. दोघे व्याही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून परत ताटावर येऊन बसले, आणि दोघांनी दोन दोन पोळ्या मागितल्या. औषध आधीच घेतलेलं असल्याने आता भीती नव्हती.

तारीख तिथेच धरली गेली. राजकन्या आणि शिवम दोघांनाही दोन्ही वडिलांची मैत्री बघून आनंद झाला. परतीच्या गाडीत वैजनाथराव लोह्यापर्यंत उभेच होते, कारण बसलं की वर येत होतं. लेक मात्र खिडकीत बसून गाणं गुणगुणत होती, आणि तेवढ्यासाठी ते अहमदपूरपर्यंतही उभे राहिले असते. राहिलेही.

लग्न थाटात झालं. पंगतीच्या शेवटी विड्याऐवजी प्रत्येक पानावर गोळी ठेवायची कल्पना दोन्ही व्याह्यांची. बाहेर पडायच्या दारापाशी चारही रंगांच्या औषधांचं टेबल मांडलं होतं, आणि तिथली गर्दी आहेर देणाऱ्यांच्या रांगेपेक्षा मोठी होती. आनंदराज साहेबांनी पिवळीपुढे उभं राहून मार्गदर्शन केलं. संगप्पा लांब खुर्चीवर बसून डब्यातला दहीभात खात होता, आणि लोक त्याच्याकडे कीव येऊन बघत होते. लातूरचे डॉक्टरही आले होते. त्यांनी भजी दोनदा घेतली, येसर आमटी तीनदा घेतली, चहा घेतला आणि टेबलापाशी येऊन हळूच विचारलं, "ह्यातली बीस कोणती?"

वाचकहो, डॉक्टरांनी या गोष्टीत एक उपाय स्पष्ट शब्दांत सांगितलेला आहे. तो फुकटचा आहे, आणि तो तुम्ही वाचून पुढे आलात. काय होता, हे आत्ता आठवायचा प्रयत्न करून पाहा. आठवला नाही तर काही बिघडत नाही. तसंही तुमचा एक हात छातीवर आहे, आणि तुमच्या मनात एकच प्रश्न चालू आहे, की ते सगळं ठीक आहे, पण चारांतली पहिली शेवटी कोणती ठरली.